रस्त्याचं माप घेणारे मास्तर

आमच्या गावात माणसं रस्त्यावर तूर वाळवतात, वरात नाचवतात, भांडतात आणि भांडण मिटलं की तिथंच उभं राहून चहा पितात. पण रस्त्याचं माप घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दर दसऱ्याला सकाळी मास्तर गळ्यातला टेप काढत, भर रस्त्यात उकिडवे बसत आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या मोटरसायकलीला हात दाखवत. "थांबा भाऊ, माप चालू हाय." मोटरसायकल थांबे. तिच्यामागे दारव्ह्याहून आलेली जीप थांबे. जीपमधली एखादी बाई डोकं बाहेर काढून विचारी, "काय हारपलं वो?" मास्तर मान वर न करता सांगत, "काही नाही बाई. याचा कपडा शिवाचा हाय."

हे मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्याकडे दोन प्रकारच्या लोकांना मास्तर म्हणतात, एक पोरांना वळण लावणारे आणि एक पॅन्टींना. आमचे मास्तर दुसऱ्या प्रकारचे. मेन लाईनवर त्यांचं सात फूट रुंदीचं दुकान होतं आणि त्याच्या बरोब्बर समोर आमचं भांड्यांचं. बाबा गेल्यावर ते मी चालवू लागले. त्यामुळे दसऱ्याला टेपाचं शून्याचं टोक आधी आमच्या पायरीला आणि मग एकेका दुकानापाशी धरून ठेवायचं काम वीस-बावीस वर्षं माझ्याकडे होतं. पंचवीस वर्षांची होते तेव्हा ते धरलं, आणि चाळिशी उलटून केस पांढरे झाले तरी मास्तर समोरून ओरडत, "ए भांडेवाल्याची पोरगी, टोक हालवू नको!"

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आधीच पुष्कळ नोटिसा येऊन गेल्या आहेत. मेन लाईन म्हणजे आमच्या जुन्या गावाचा मोठा रस्ता, बसस्टँडपासून जुन्या वेशीपर्यंत. त्याला लाईन का म्हणतात ते कोणालाच ठाऊक नाही. आमच्या गावात रेल्वे कधी आली नाही, आणि आली असती तरी या रस्त्यानं तिला जाता आलं नसतं, कारण घड्याळ चौकात पाणीपुरीची गाडी लागते. घड्याळ चौकात घड्याळही नाही. तरीही सगळा गाव तिथंच भेटतो आणि वेळेवर येतो.

रस्त्याचं माप घ्यायची सुरुवात मास्तरांच्या वडिलांनी केली. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की मुहूर्ताचं एक माप घ्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. कात्रीला हळदकुंकू, मशीनला झेंडूचा हार, टेपाला अक्षता आणि मग पहिलं माप. अडचण अशी की दसऱ्याच्या दिवशी शिंप्याकडे माप द्यायला कोणी येत नाही. "सनाच्या दिवशी गिऱ्हाईक येते ते झगडा करायले," मास्तर सांगत. "कपडा तंग झाला, पिको राह्यला, बटन तुटलं. अशा मानसाचं माप कसं घ्याव? म्हनून आमच्या बापानं अशा गिऱ्हाइकाचं घेतलं, जे कवाच झगडा करत नाही." दुकानातून बाहेर पाहिलं तर असं एकच गिऱ्हाईक समोर पडलेलं होतं.

ते माप मग रीतसर मापवहीत चढलं. मापवही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं एक धूड. त्यात गावातल्या माणसांची मापं आद्याक्षरांप्रमाणे लावलेली, आणि त्यात मेघराज सोनार आणि मेश्राम गुरुजी यांच्या मधे मेन लाईन. प्रत्येक मापाशेजारी त्या कापडाचा तुकडा टाचणीनं लावायची पद्धत होती. मेघराजजींच्या नावापुढे टेरिकॉट, गुरुजींच्या नावापुढे पांढरी खादी. रस्त्याच्या नावापुढे त्या त्या वर्षी रस्त्याच्या अंगावर जे असेल त्याची चिमूट कागदात बांधून डिंकानं चिकटवलेली. आधी लाल मुरूम. मग गिट्टीचा कपचा. मग डांबर, मग आणखी डांबर, मग सिमेंट, मग रंगीत विटांचा एक तुकडा, त्या विटा सहा महिन्यांत उखडल्या त्याआधी घेतलेला. गावाचा इतिहास लिहायला एकदा जिल्ह्याहून एक प्राध्यापक आले होते. ते वेशीचे आणि देवळाचे फोटो काढून गेले. ही चिमूट त्यांना कोणी दाखवली नाही.

तुकड्याखाली शेरा असे. "यंदा अंग जड" म्हणजे डांबराचा नवा थर. "पोट सुटलं" म्हणजे गटाराचा पाईप घालून नीट बुजवला नाही. "उंची काढली" हा शेरा तर चार-पाचदा आहे, कारण दर नव्या थराबरोबर रस्ता वर येत गेला आणि दुकानं खाली जात गेली. मास्तरांच्या दुकानात त्यांच्या लग्नाच्या वेळी एक पायरी चढून जावं लागे. मी पाहिलं तेव्हा दुकान रस्त्याला बरोबरीनं होतं. शेवटी एक पायरी उतरून जावं लागे. मास्तर म्हणत, "आमी इथंच हावो. रस्ता मोठा झाला."

मोठा म्हणजे उंच. रुंदीत तो दरवर्षी सुकत चालला होता. हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण रस्त्याला रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आज एकानं ओटा बांधला, उद्या दुसऱ्यानं ओट्यावर पत्रा टाकला, परवा पत्र्याला भिंत आली. मेन लाईनवर कोणीही आपण पुढे सरकल्याचं कबूल करत नसे. "मानूसबी तसाच," मास्तर सांगत. "पोट वाढते आन् म्हनते कपडा आटला. दुकान वाढते आन् म्हनते रस्ता मांगं सरला."

मापाच्या बाबतीत मास्तर फार कोरडे होते. आमच्या व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे चौकातले किराणावाले, दर वर्षी पॅन्ट शिवताना सांगत, "मास्तर, कंबर अडतीस लिवा." कंबर होती चव्वेचाळीस. मास्तर चव्वेचाळीस लिहीत, मोठ्यानं वाचून दाखवत आणि मग अध्यक्षांच्या समाधानासाठी पॅन्टीच्या आतल्या पट्टीवर शाईनं ३८ लिहून देत. पॅन्ट अंगात नीट बसे, अध्यक्ष खुश होऊन जात. मी एकदा विचारलं की ही लबाडी नाही का. "पट्टी त्याची हाय, वही माही हाय," मास्तर म्हणाले. "माप कोरडं घ्याव. शिवनीत मातर दोन बोटं माया सोडा लागते."

मास्तरांचं कोरडं माप पाच-सहा वर्षांपूर्वी सगळ्या मेन लाईनच्या गळ्याशी आलं.

रस्ता रुंद करायचा असं ठरलं. रस्ता मुळात किती होता हे पाहायला नगरपरिषदेनं जुना नकाशा काढला. नकाशा निघाला, पण त्यातला नेमका रस्ता वाळवीनं खाल्ला होता. एका टोकाला बसस्टँडची जागा शाबूत, दुसऱ्या टोकाला वेस शाबूत, मधे आरपार भोक. नवे इंजिनियर साहेब बिचारे तरुण होते. ते आठ दिवस त्या भोकाकडे पाहत बसले. मग म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरले. एकानं सांगितलं, दोन बैलगाड्या आरामात जायच्या. दुसरा म्हणाला, तीन. तिसऱ्यानं बैल केवढे होते यावर वाद घातला. नवव्या दिवशी साहेब पॅन्टीची उंची कमी करायला मास्तरांकडे आले, आणि मास्तर त्यांचं माप लिहायला वही उघडत असताना साहेबांना मेघराज सोनाराखाली मेन लाईन दिसली.

साहेब पॅन्ट विसरून दीड तास उभ्यानं वही वाचत राहिले. तिच्यात चौकापासून वेशीपर्यंत प्रत्येक दुकानासमोरची रुंदी होती, दरवर्षीची, इंचात. कोणाचा ओटा कोणत्या साली आला, कोणाची भिंत कोणत्या साली, सगळं. पहिलं पान मास्तरांच्या वडिलांच्या हातचं. त्यावर लिहिलं होतं, "मेन लाईन, आमचे दुकानापाशी, ४०८ इंच." म्हणजे चौतीस फूट. आणि दुसऱ्या पानावर, पुढच्या दसऱ्याला, "मशीन उजेडात घेतली. रस्ता ४८ इंच कमी. ३६० इंच."

म्हणजे मेन लाईनवर पहिलं पाऊल पुढे टाकणारे मास्तरांचे वडील. दुकान पाच फूट खोल, आत अंधार, म्हणून त्यांनी चार फूट पुढे येऊन मशीन उजेडात मांडली. एक पुढे आला म्हटल्यावर शेजारी आला, मग त्याचा शेजारी, आणि समोरच्या बाजूनं आमच्या बाबांनी तीस इंच काढून शहाबादी फरशीची पायरी बसवली. साहेब चांगल्या मनाचे होते. हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, दुसऱ्या पानापासून वही दिली तरी मला चालेल. मूळ रुंदी तीनशे साठ धरू. तुमचं दुकान वाचेल." मास्तरांनी साहेबांकडे असं पाहिलं की जणू त्यांनी एक बाही कापून शर्ट मागितला होता. मग पहिलं पान उलटून साहेबांच्या पुढे ठेवलं आणि म्हणाले, "गिऱ्हाइकाचं पयलं माप हेच खरं."

दुकानाच्या मागच्या खोलीतच मास्तर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, राहत. काकूंनी हे आतून ऐकलं. हातातलं उलथनं घेऊनच त्या बाहेर आल्या. "काहून वो, डोकं फिरलं काय तुमचं? चार फूट जाईन आपलं. कापाचा टेबल कोठी ठेवसान? टेबल नाही त मास्तर कायचे?" मास्तर म्हणाले, "आपलं नाही वो जात. ते रस्त्याचं होतं. आपल्यापाशी होतं." काकू उलथनं तिथंच टेबलावर टाकून आत गेल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

साहेबांनी वहीचे फोटो काढले आणि महिन्याभरात सगळ्या मेन लाईनला नोटिसा लागल्या. त्या संध्याकाळी अध्यक्षांच्या मागे निम्मा बाजार मास्तरांच्या दुकानापुढे जमला. मीही होते. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, वही हरवली म्हना. नाही त तेवढे मेन लाईनचे पानं फाडून टाका. बाकी वही राहू द्या."

"त्या पानाच्या मांगं मेश्राम गुरुजीचं माप हाय," मास्तर म्हणाले.

"गुरुजी वारले ना बाप्पा! बारा वर्सं झाले!"

"गुरुजी वारले. माप थोडी वारते."

निम्मा बाजार अध्यक्षांकडे पाहू लागला. मग मी पुढे झाले. मला वाटलं, आपलं ऐकतील. मी म्हटलं, "मास्तर, ती पायरी बाबांची आहे. रोज संध्याकाळी त्याच पायरीवर बसायचे ते. तुम्ही पाहिलं आहे." मास्तरांचा आवाज जरा खाली आला. "पाह्यलं ना. तुह्या बापानं मले इचारूनच बसवली ते पायरी. मी म्हनलं, बसवा. आन् त्याच दसऱ्याले लिवूनबी ठेवलं. तुह्या बापानंच टोक धरलं होतं, पोरी." मला त्यांचा भयंकर राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तितका राग खोट्याचा येत नाही, कारण खोट्याला निदान उत्तर देता येतं.

मग आम्ही कोर्टात गेलो. वकिलानं अर्ज लिहिला तो मी आजही पाठ म्हणू शकते. "सदर मापवही ही एका शिंप्याची करमणूक असून तिच्यातील मापे विश्वासार्ह नाहीत, तसेच टेपाचे दुसरे टोक कोणी धरले होते हे निश्चित नाही." अध्यक्ष म्हणाले, पहिली सही बाईची असली की बरं दिसतं. मी सही केली, पूर्ण नाव घालून. टेपाचं टोक कोणी धरलं हे निश्चित नाही, आणि त्याखाली पहिली सही ते धरणारीची.

स्थगिती मिळाली. मेन लाईनवर पेढे वाटले. फक्त एकाच दुकानाला स्थगिती लागू नव्हती, कारण त्याच्या मालकानं अर्जच केला नव्हता.

म्हणून एका मंगळवारी सकाळी सात फूट रुंदीच्या एका दुकानासाठी अख्खा जेसीबी आला. ड्रायव्हरनं खाली उतरून दुकान पाहिलं, मग आपल्या जेसीबीकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढंच?" मास्तरांनी शिलाईच्या निळ्या खडूनं स्वतःच्या दुकानाच्या फरशीवर, दोन्ही भिंतींवर आणि पत्र्याच्या कडेवर रेघ मारून ठेवली होती. ड्रायव्हर गहिवरला. "मास्तर, चार इंच इकडं सोडू काय? कोन पाहून राह्यलं?" मास्तर म्हणाले, "नाई बाप्पा. फिटिंग बिघडते." पंधरा मिनिटांत काम संपलं. आम्ही सगळे आपापल्या वाचलेल्या ओट्यांवर उभं राहून पाहत होतो. कोणी हललं नाही. मीही हलले नाही.

नगरपरिषदेनं मात्र काम झालं म्हटल्यावर उद्घाटन ठेवलं. "मेन लाईन रुंदीकरण, टप्पा पहिला." टप्प्याची लांबी सात फूट. जिल्ह्याहून पाहुणे आले, त्यांना हार घातले आणि कात्री मागवली ती मास्तरांकडून. मास्तर कापडाच्या कात्रीनं दुसरं काही कापू देत नसत. त्यांनी आधी फीत चिमटीत धरून पाहिली. "साटीन हाय. चालते," म्हणाले आणि कात्री दिली. फीत कापून पाहुण्यांनी रुंद केलेल्या रस्त्यावरून चालत जायचं असा कार्यक्रम होता. पाहुणे तीन पावलं चालले आणि रस्ता संपला. मागून येणारे कार्यकर्ते त्यांना धडकले, तरी टाळ्या वाजल्याच.

त्या खाचेला गावानं खिसा असं नाव दिलं. ऑटोवाले खिशात उभे राहू लागले. शेंगावाली खिशात बसू लागली. जीपवाले ओरडू लागले, "खिसा उतरा, खिसा!" मास्तरांच्या दुकानात आता मशीन मावे, टेबल मावे, पण मास्तर मावत नसत. त्यांनी टेबल दाराशी ओढलं आणि स्वतः रस्त्यावर उभं राहून कापायला सुरुवात केली. उन्हाळ्यात डोक्यावर ओला दुपट्टा, पावसात टेबलाच्या पायाला बांधलेली छत्री. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवी, मास्तर कात्री न थांबवता कुल्ला बाजूला घेत.

सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा नोटीस आली. "आपल्या दुकानासमोर सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण आढळले. स्वरूप: उभा इसम, नग एक. खोली अंदाजे अठरा इंच." मास्तरांना अंदाज हा शब्द खपत नसे. त्यांनी काकूंकडून पोटापासून पाठीपर्यंत स्वतःचं माप घेतलं आणि लेखी कळवलं की खोली अठरा नसून साडेसोळा आहे, तरी दुरुस्ती व्हावी. दुरुस्ती झाली. साडेसोळा इंचाची सुधारित नोटीस आली. मास्तरांनी ती वहीत स्वतःच्या नावापुढे चिकटवली आणि कापत राहिले. पुढची कारवाई काय करावी हे नगरपरिषदेलाही उमजलं नसावं.

त्या वर्षीचा दसरा मला विसरता येत नाही. मास्तर पूजा आटोपून बाहेर आले, गळ्यातला टेप काढला आणि नेहमीसारखं त्याचं टोक माझ्या दिशेनं धरलं. मी दुकानात पाठमोरी होऊन डबे लावू लागले. लावलेलेच डबे पुन्हा लावले. जरा वेळानं चोरून पाहिलं तर मास्तर आमच्या पायरीपाशी वाकून टेपाच्या टोकावर एक दगड ठेवत होते. माप झाल्यावर ते आमच्या दुकानात आले, आपट्याचं पान दिलं, "सोनं घे पोरी," म्हणाले. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. पुढच्या दसऱ्यालाही दगडच होता. त्याच्या पुढच्याही.

एकदा मला राहवलं नाही. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कोणी नव्हतं. मी खिशात जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. तेही अतिक्रमणच म्हणायचं. म्हटलं, "मास्तर, माझं चुकलं."

मास्तर एका पायजम्यावर खडूनं खुणा करत होते. "किती?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"किती इंच चुकलं?"

मी समोरच्या आमच्या पायरीकडे पाहिलं. मग म्हटलं, "तीस."

"मंग काही नाही," मास्तर म्हणाले. "कापताना चुकलं त कपडा जाते. शिवताना चुकलं त उसवता येते."

एवढं सोपं करून सांगितल्यावरही मी काही केलं नाही. घरी आले, पायरीवर बसले, बाबांची आठवण काढली आणि उद्या पाहू म्हटलं. असे दोन वर्षांचे उद्या गेले. मास्तरांचे गुडघे गेले, मग दमा वाढला. मागच्या दसऱ्याला ते मागच्या खोलीतून बाहेरच आले नाहीत, त्यामुळे माप झालं नाही. उन्हाळ्यात एका सकाळी काकूंनी मला समोरून हाक मारली, आणि हाकेवरूनच मला कळलं. स्मशानात न्यायला माणसं जमली तेव्हा ऑटोवाल्यांनी न सांगता खिसा रिकामा करून दिला. तिरडी बांधायला मेन लाईनवर तेवढीच मोकळी जागा होती.

तेराव्यानंतर काकू मापवही घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुह्यापाशी राहू दे, असं म्हनून गेलते." मी म वर उघडली. बावीस वर्षं प्रत्येक मापाखाली ओळ होती, "टोक धरलं: भांडेवाल्याची पोरगी." मग तीन वर्षं, "टोक धरलं: दगड." मागच्या दसऱ्याला लिहिलं होतं, "यंदा माप नाही. वाकता येत नाही." आणि तिच्याखाली येणाऱ्या दसऱ्याची ओळ मास्तरांनी आधीच आखून ठेवली होती. मापाची जागा कोरी. नमुन्याची जागा कोरी. पण शेवटी लिहिलेलं होतं, "टोक धरलं: भांडेवाल्याची पोरगी."

ज्या माणसानं अठरा इंचांचं साडेसोळा करून घेतलं, त्यानं आयुष्यात न मोजता लिहिलेलं हे एकच. मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, स्टीलच्या पातेल्यांच्या मधे बसून मोठ्यानं रडले. एका बाईला वाटलं की तिनं भाव फार पाडून मागितला, आणि तिनं गपचूप सांगितलेली किंमत दिली.

दुसऱ्या दिवशी मी नगरपरिषदेत गेले आणि म्हटलं, माझी पायरी पाडायची आहे. कारकून म्हणाला, दुसऱ्याचं अतिक्रमण पाडायचा अर्ज आहे, स्वतःचं पाडायचा छापील नमुना नाही. इंजिनियर साहेब वणीला बदलून गेले होते. वकील म्हणाले, स्थगिती आहे, बांधकामाला हात लावलात तर कोर्टाचा अवमान होईल. म्हणजे आपण वाचवलेली पायरी आपल्यालाच पाडता येत नव्हती. अर्जातून नाव काढून घ्यायला पावसाळा संपला. अध्यक्ष महिनाभर मला पाहून तोंड फिरवत. मग एक दिवस स्वतः आले. "बाई, काहून असं करून राह्यल्या? तुमचं पाहून लोक आमाले इचारतीन ना!" मी म्हटलं, "तुमच्या पट्टीवर अडतीसच राहील, अध्यक्ष. काळजी करू नका." ते पॅन्ट वर ओढत निघून गेले.

नवरात्रात पायरी फोडली. खडूची रेघ मीच मारली, मास्तरांच्या खडूनं. बाबांची फरशी फुटताना मला वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. एक कपचा मी बाजूला ठेवला.

परवा दसरा झाला. काकूंनी कात्रीची, मशीनची, टेपाची पूजा केली. मग पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवत त्या मेन लाईनच्या मधे उकिडव्या बसल्या. टोक मी धरलं आणि दर टेपाला खूण करत पुढे सरकवलं. एक टेप साठ इंचांचा. सहा टेप भरले, सातव्याचे अठ्ठेचाळीस. मी दोनदा बेरीज केली. चारशे आठ. बसस्टँडपासून वेशीपर्यंतच्या आमच्या रस्त्याला आता समोरासमोर दोन खिसे आहेत, आणि त्या दोहोंच्या मधे सात फुटांपुरता तो पहिल्या पानावर होता तेवढा आहे. वहीत मी नमुना म्हणून शहाबादी फरशीचा कपचा चिकटवला. अध्यक्ष त्यांच्या दारातून पाहत होते. "मायापाशी मोजू नका बरं!" त्यांनी तिकडूनच सांगितलं.

माप चालू होतं तेव्हाच दुधाची मोटरसायकल येऊन थांबली होती. तिच्यामागे जीप थांबली होती. जीपमधून एका बाईनं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "काय हारपलं वो?"

"साडेसहा फूट रस्ता हारपला होता," मी म्हटलं. "सापडला."

"बोलू नको," काकू म्हणाल्या. "टोक हालून राह्यलं."